तेल कमी खा, पण कोणी?

शाळेच्या भिंतीवरचे आरोग्याचे तक्ते आपण रोज पाहतो, म्हणून ते सहसा वाचत नाही. हात धुवा, पाणी उकळून प्या, पालेभाज्या खा, असा त्यांतला बहुतेक मजकूर निर्विवाद असतो. याच यादीत 'तेलकट-तुपकट पदार्थ टाळा' हेही वाक्य येऊन बसले आहे. ते तक्त्यांवर असते, आरोग्यदिनाच्या भाषणात असते, निबंधातही असते. 'निरोगी राहण्यासाठी काय कराल?' या प्रश्नाला मुले हेच उत्तर लिहितात आणि आपण त्याला गुण देतो.

हा तक्ता पुण्यातल्या शाळेत लागतो, तसाच तो अमरावती जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मेळघाटातल्या धारणी तालुक्यातल्या शाळेतही लागू शकतो. आमची तक्रार येथून सुरू होते. धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांचे नाव महाराष्ट्राला विशेषतः १९९३ पासून ऐकू येऊ लागले, ते बालमृत्यू आणि कुपोषण यांमुळे. वस्ती प्रामुख्याने कोरकू आदिवासींची. शेती पावसावरची, आणि हंगाम संपला की अनेक कुटुंबे मजुरीसाठी बाहेरगावी जातात. ज्वारीची किंवा मक्याची भाकर, भात, पातळ वरण, रानातली भाजी, मिरची-मिठाची चटणी असे जेवण असणाऱ्या घरातल्या मुलाला 'तेल टाळ' हे सांगणारा तक्ता नेमके काय सांगत असतो? जे त्याच्या ताटात नाहीच ते टाळायला सांगतो. १९७२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पोषण देखरेख मंडळाच्या आदिवासी भागांतील पाहण्यांत तेला-तुपाचा वापर शिफारशीपेक्षा बराच कमी आढळत आला आहे. म्हणजे कमी स्निग्ध पदार्थांचा आहार ही गोष्ट तेथे शिकवावी लागत नाही. गरिबीने ती केव्हाच शिकवली आहे, आणि तिचे परिणाम अंगणवाडीच्या वजनकाट्यावर दिसतात.

हा सल्ला आला कोठून, ते आधी पाहिले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मध्यमवयीन पुरुषांत हृदयविकाराने होणारे मृत्यू ही मोठी चिंतेची बाब झाली होती. अन्सेल कीज या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये सहा देशांची आकडेवारी मांडली. ज्या देशात आहारातून स्निग्ध पदार्थांची ऊर्जा जास्त, त्या देशात हृदयविकाराचे मृत्यू जास्त, असा तो आलेख होता. येरुशाल्मी आणि हिलबो यांनी १९५७ मध्ये त्यावर आक्षेप घेतला. आकडे २२ देशांचे उपलब्ध असताना सहाच का निवडले, आणि सगळे घेतले तर हा संबंध इतका सरळ राहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. विज्ञानाच्या वर्गात 'नमुना कसा निवडावा' हे शिकवायचे असेल तर याहून चांगले उदाहरण शोधायला नको.

कीज यांना श्रेयही दिले पाहिजे. १९५८ पासून त्यांनी सात देशांचा जो दीर्घ अभ्यास हाती घेतला, त्यातून त्यांचे स्वतःचेच मत अधिक नेमके झाले. ग्रीसमधले क्रीट बेट आणि फिनलंडचा पूर्वभाग या दोन्ही ठिकाणी लोकांना सुमारे ४० टक्के ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून मिळत होती. तरी फिनलंडमध्ये हृदयविकार अतोनात आणि क्रीटमध्ये अगदी थोडा. फरक होता तो प्रकारात. फिनलंडमध्ये दूध-लोणी, क्रीटमध्ये ऑलिव्हचे तेल. एकूण किती यापेक्षा कोणते, हा प्रश्न येथेच पुढे आला होता. पण सरकारी पत्रकांना सोपे वाक्य लागते. अमेरिकी सेनेटच्या समितीने १९७७ मध्ये आहाराची उद्दिष्टे जाहीर केली आणि एकूण स्निग्ध पदार्थ ३० टक्के ऊर्जेवर आणा असे सांगितले. हे उद्दिष्ट ज्या लोकांसाठी होते ते त्या वेळी ४० टक्क्यांच्या आसपास खात होते, हे वाक्य मात्र पत्रकाबरोबर जगभर फिरले नाही.

पुढच्या काळातले पुरावे काय सांगतात? अमेरिकेत ५० ते ७९ वयाच्या ४८,८३५ स्त्रियांवर एक मोठा प्रयोग झाला. त्यांतल्या एका गटाला स्निग्ध पदार्थ २० टक्के ऊर्जेपर्यंत कमी करायला शिकवले गेले, दुसरा गट नेहमीप्रमाणे जेवत राहिला. सरासरी आठ वर्षांनी, २००६ मध्ये, निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदयविकार, पक्षाघात किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग यांत लक्षणीय फरक दिसला नाही. त्या स्त्रियांना २० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठता आले नव्हते, हा मुद्दा प्रयोगाच्या बाजूने मांडला जातो आणि तो योग्यच आहे. पण मग निष्ठेने शिकवूनही जे पाळता येत नाही त्या सल्ल्याची किंमत काय, हाही प्रश्न उरतो. स्पेनमध्ये सुमारे साडेसात हजार लोकांवर झालेल्या प्रयोगात उलट दिशेने गेले. भरपूर ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा खाणाऱ्या गटांत हृदयविकार आणि पक्षाघात, 'स्निग्ध पदार्थ कमी करा' असा सल्ला मिळालेल्या गटापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाले. हा निबंध २०१३ चा. गटवाटणीत काही ठिकाणी चूक झाल्याचे लक्षात आल्यावर लेखकांनी तो मागे घेतला आणि पुन्हा गणित करून २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. निष्कर्ष टिकला.

आणि ज्यांनी अतिशय कमी स्निग्ध आहाराचा चांगला परिणाम दाखवला, त्या डीन ऑर्निश यांचे काय? १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात स्निग्ध पदार्थ फक्त १० टक्के ऊर्जेपुरते होते, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे थोडे कमी झालेले दिसले. आपल्याकडे 'बिनतेलाचा स्वयंपाक' लोकप्रिय होण्यामागे या प्रयोगाचे वजन आहे. पण रुग्ण होते एकूण ४८. शिवाय आहाराबरोबर त्यांनी धूम्रपान सोडले, व्यायाम सुरू केला, योगासने आणि ध्यान केले, आठवड्याला गटात बसून मन मोकळे केले. एकाच वेळी पाच गोष्टी बदलल्या तर गुण कोणत्या गोष्टीचा, हे आपण आठवीच्या मुलालाही विचारतो. तो प्रयोग वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. हृदयरोग झालेल्या माणसाने जीवनक्रम पूर्ण बदलला तर काय होऊ शकते, हे त्याने दाखवले. त्यातून फक्त तेल उचलून ते निरोगी माणसाला आणि वाढत्या मुलाला लागू करणे, हे मात्र त्या प्रयोगात कोठेही लिहिलेले नाही.

हा १० टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवा. तो आपल्या शाळेत पुन्हा भेटणार आहे.

वाढते मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. निसर्गाने त्याचा पहिला आहार कसा बनवला आहे ते पाहा. आईच्या दुधातली जवळजवळ निम्मी ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून येते. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा प्रथिने यांतून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, एक ग्रॅम तेलातून ९. एवढे तर पाठ्यपुस्तकात असतेच. त्याचा अर्थ काय, ते धारणीच्या एखाद्या झोपडीत वर्षभराच्या मुलाला भरवताना कळतो.

समजा मुलाचे वजन ८ किलो आहे. या वयात पोटात एका वेळी मावणारे अन्न वजनाच्या दर किलोमागे ३० मिलिलिटर धरतात, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर, एक मोठी वाटी. १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम पीठ शिजवले तर आंबील किंवा पेज पिण्याइतकी पातळ राहते आणि तिच्यातून साधारण ३५ किलोकॅलरी मिळतात. भरलेल्या वाटीतून ८४. अंगावर पिणाऱ्या या वयाच्या मुलाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे ५५० किलोकॅलरी हव्या असतात. म्हणजे अशा साडेसहा वाट्या. आई सकाळी शेतावर किंवा कामावर गेलेली आणि मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर, अशा घरात दिवसाला सात वेळा कोण भरवणार? पीठ वाढवले तर पेज घट्ट होते, मुलाच्या घशाखाली उतरत नाही. आता त्याच वाटीत चहाचा एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम तेल घाला. ४५ किलोकॅलरी वाढल्या, वाटी १२९ ची झाली, आणि खाणे सात वेळांऐवजी चार-साडेचार वेळांवर आले. पोटाचा आकार तोच. मोड आणलेल्या धान्याचे पीठ चिमूटभर घातले तर घट्ट पेज पातळ होते, हाही एक चांगला उपाय आहे. मोडांतले विकर स्टार्चचे तुकडे करतात. दोन्ही एकत्र केले तर फारच उत्तम.

तीव्र कुपोषित बालकाला पोषण पुनर्वसन केंद्रात जे दूध देतात, त्यात साखर आणि तेल घातलेले असते. जगभर वापरल्या जाणाऱ्या शेंगदाण्याच्या उपचारी आहारातही जवळजवळ निम्मी ऊर्जा स्निग्ध पदार्थांचीच असते. तेव्हा प्रकार असा होतो, की मूल आजारी पडले की आरोग्यखाते त्याला तेल पाजते आणि ते बरे होऊन शाळेत आले की भिंतीवरचा तक्ता त्याला तेल टाळायला सांगतो.

येथे एका मराठी शास्त्रज्ञाची आठवण काढली पाहिजे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे अनेक वर्षे जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. 'गरीब देशांत खरी उणीव प्रथिनांची आहे' असे जेव्हा सगळे जग म्हणत होते आणि प्रथिनांच्या भुकट्यांचे कारखाने काढण्याच्या योजना आखल्या जात होत्या, तेव्हा त्यांनी आकडे घेऊन विरोध केला. त्यांचे म्हणणे साधे होते. बहुतेक मुलांच्या अन्नात प्रथिने प्रमाणात पुरेशी आहेत, पण एकूण अन्नच अपुरे असल्यामुळे शरीर त्या प्रथिनांचा इंधन म्हणून वापर करून टाकते. घराच्या तुळया चुलीत घालण्यासारखेच हे. ऊर्जा पुरवा, प्रथिने आपोआप बांधकामाला लागतील. सुखात्मे यांची सगळी मते मान्य झाली नाहीत, आणि माणसाची गरज किती हे ठरवण्याच्या त्यांच्या पद्धतीवर पुष्कळ वाद झाले. पण प्रथिनांबाबत ते बरोबर ठरले. ऊर्जेचा सर्वांत लहान आकाराचा साठा म्हणजे तेल, हे जोडून घेतले की धारणीच्या ताटात तेलाचे स्थान काय ते कळते.

ऊर्जेखेरीज आणखी कारणे आहेत. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्ध पदार्थांत विरघळतात. मेळघाटात पावसाळ्यात रानभाज्या मुबलक असतात आणि त्यांत कॅरोटीन भरपूर असते. पण ती भाजी नुसती उकडून, मीठ टाकून खाल्ली तर आतड्यात कॅरोटीन नीट शोषले जात नाही. जेवणात थोडे तरी तेल असावे लागते. पालेभाजी खा आणि तेल टाळा या दोन सूचना एकाच तक्त्यावर शेजारी-शेजारी असतात, आणि दुसरी पहिलीला अडवते.

आता शाळेच्या ताटाकडे येऊ. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातल्या मुलासाठी ४५० किलोकॅलरी आणि ५ ग्रॅम तेल असा निकष वर्षानुवर्षे आहे. उच्च प्राथमिकसाठी ७०० किलोकॅलरी आणि साडेसात ग्रॅम. पाच ग्रॅम तेलाच्या ४५ किलोकॅलरी, म्हणजे ४५० पैकी बरोबर १० टक्के. तांदूळ आणि डाळीतला न दिसणारा स्निग्धांश धरला तरी आकडा तेरा-चौदा टक्क्यांच्या वर जात नाही. ऑर्निश यांनी हृदयरोग्यांना जे पथ्य दिले, जवळजवळ तेच आपण सहा वर्षांच्या मुलाला वाढतो! जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या २००८ मधील तज्ज्ञ बैठकीने स्निग्ध पदार्थांची वरची मर्यादा सांगितली तशी खालचीही सांगितली होती. सर्वसाधारण प्रौढांना किमान १५ टक्के ऊर्जा त्यांतून मिळावी, आणि बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रिया व कमी वजनाचे प्रौढ यांना किमान २० टक्के. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी तर त्यांनी ३५ टक्क्यांचा उल्लेख केला आहे. वरची मर्यादा प्रत्येक तक्त्यावर दिसते. खालची मर्यादा आम्ही शाळेतल्या एकाही तक्त्यावर पाहिलेली नाही.

यावर कोणी म्हणेल, की मग काय, तूप-तेल कितीही खावे? तसे सांगणारे नवे वैद्यही आता झाले आहेत, आणि त्यांची सगळी भिस्त एकाच अभ्यासावर असते. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतासह १८ देशांतल्या सव्वा लाखाहून अधिक लोकांचे निरीक्षण होते. पिष्टमय पदार्थ फार जास्त खाणाऱ्यांत मृत्यू अधिक आणि स्निग्ध पदार्थ जास्त खाणाऱ्यांत कमी, असे त्यात दिसले. पण ज्या घरात नुसता भात आणि भाकर आहे ते घर बहुधा गरीब असते, दवाखान्यापासून दूर असते. तेथे लवकर मरण्याची कारणे भाकरीबाहेरही पुष्कळ आहेत. कीज यांच्या सहा देशांच्या आलेखाला जो आक्षेप, तोच येथेही लागू आहे, आणि तो एकाच बाजूला लावणे योग्य नाही. संपृक्त मेदाम्लांऐवजी असंपृक्त मेदाम्लांची तेले वापरली तर हृदयविकारादी घटना पाचव्या-सहाव्या हिश्श्याने कमी होतात, असे प्रयोगांच्या २०२० मधील एका मोठ्या आढाव्यात दिसले आहे. म्हणून प्रकाराचा प्रश्न राहतोच.

प्रकाराबाबत आपल्या वऱ्हाडाला फार दूर जावे लागत नाही. जवसाची चटणी येथे घरोघर होते. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ गटातल्या अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो, जे इतर नेहमीच्या तेलांत एवढ्या प्रमाणात सापडत नाही. शेंगदाणा, तीळ, कारळे ही सगळी या भागाची ओळखीची तेलबीजे आहेत. जंगलात मोहाच्या बियांचे तेल निघते आणि चारोळी मिळते. चारोळी मात्र बहुतेक बाजारात जाते, घरात राहत नाही. उलट २०२२ च्या दिवाळीत शिधापत्रिकेवर शंभर रुपयांत जो 'आनंदाचा शिधा' मिळाला, त्यात एक लिटर पामतेल होते. पामतेलातली जवळजवळ निम्मी मेदाम्ले संपृक्त असतात. ज्या घरात तेलच नाही तेथे पामतेलही स्वागतार्ह आहे, हे आम्ही स्पष्टपणे म्हणतो. पण सणाच्या एका लिटरने वर्ष निघत नाही.

आणि एक तेल असे, की जे खरोखर टाळायला हवे होते तेव्हा कोणत्याही तक्त्याने टाळायला सांगितले नाही. वनस्पती तूप. निकेलच्या सान्निध्यात तेलातून हायड्रोजन सोडला की ते गोठते आणि त्यात ट्रान्स मेदाम्ले तयार होतात. ती रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगले कमी करतात, हे नेदरलँड्समध्ये १९९० मध्ये दाखवले गेले. आपल्याकडे तेला-तुपांतल्या ट्रान्स मेदाम्लांवर २ टक्क्यांची मर्यादा लागू व्हायला जानेवारी २०२२ उजाडला. दरम्यान दोन पिढ्यांनी लग्नाच्या पंगतीत आणि बालूशाहीत ते खाल्ले. डब्यावर 'कोलेस्टेरॉलमुक्त' असे छापलेले शेंगदाणा किंवा सोयाबीन तेलही आपण कौतुकाने घेतो. कोलेस्टेरॉल हा प्राण्यांच्या शरीरात बनणारा पदार्थ आहे, वनस्पती तेलात तो नसतोच. 'हाडेमुक्त वांगी' असे लिहिण्यासारखे ते आहे.

धारणी गावातल्या बाजारपेठेत, कचेऱ्यांत आणि आपल्या शिक्षकवर्गात मात्र चित्र वेगळे आहे. बैठे काम, दुपारी समोसा, दिवसभरात पाच-सहा कप साखरेचा चहा आणि त्याबरोबर बिस्किटे. येथे तेल मोजणे जरूर योग्य आहे, पण तेल कमी करून त्याजागी साखर आणि मैदा आणला तर काही साधत नाही. जास्तीच्या साखरेपासून यकृत स्वतःच स्निग्ध पदार्थ बनवते. त्याच कढईतले तेल दिवसेंदिवस तापवून पुन्हा वापरणे हा आणखी वेगळा प्रश्न आहे. म्हणजे एकाच गावात, एकाच शाळेत, गुरुजींना एक सल्ला लागतो आणि दुसऱ्या बाकावरच्या मुलाला त्याच्या उलट.

हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने घरात महिन्याला किती तेल येते आणि खाणारी माणसे किती, एवढेच चिठ्ठीवर लिहून आणावे. चिठ्ठीवर नाव नको, कारण हा आकडा घरची गरिबी उघडी करतो. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९२० ग्रॅम. सहा माणसांच्या घरात महिन्याला एक लिटर येत असेल तर माणशी रोज ५ ग्रॅम पडते. पाच माणसांच्या घरात पाच लिटर येत असेल तर ३० ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन हजार किलोकॅलरींच्या ताटासाठी २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. वर्गाचे आकडे फळ्यावर चढत्या क्रमाने मांडले की सरासरी किती फसवी असते हेही कळेल: पाचाची आणि तिसाची सरासरी साडेसतरा, आणि वर्गात साडेसतरा खाणारा कदाचित एकही नसेल.

शाळेच्या ताटातले तेल ५ ग्रॅमवरून १० ग्रॅमवर नेले तर काय खर्च येईल, हेही मुलांकडून काढून घेता येईल. किलोला दीडशे रुपये भाव धरला तर मुलामागे दिवसाला ७५ पैसे, दोनशे दिवसांच्या वर्षाला १५० रुपये. हा निर्णय मुंबईत किंवा दिल्लीत व्हायचा. पण जे ५ ग्रॅम आज मंजूर आहेत ते कढईत पडतात का, हे पाहण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. ८० मुलांच्या प्राथमिक शाळेत ते रोज ४०० ग्रॅम होतात, साधारण ४३५ मिलिलिटर, म्हणजे लिटरच्या पिशवीला अडीच दिवसही पुरायला नकोत. साठ्याच्या नोंदवहीवर सही मुख्याध्यापकांची असते.